आईचा मिठू, लंगडी गाढवीण आणि दीड वर्षाची कागदपत्रं - माझा अनुभव

बरेच जण विचारतात की घरी सांभाळलेल्या जनावरांच्या सोबतीने मुलांना शिकता येईल अशी जागा सुरू करायची तर सुरुवात कुठून करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. आमचं गाव पुरंदर तालुक्यात, जेजुरीपासून फार लांब नाही. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, लहानपणी बाबा आम्हाला दरवर्षी बघायला न्यायचे. एका वर्षी त्याच बाजारातून परत येताना रस्त्याकडेला एक गाढवीण बसलेली दिसली, खूर इतके वाढलेले की पुढून वर वळले होते, तिला उभंच राहता येईना. बाबांनी कुणाला काही न विचारता टेम्पो बोलावला. मग वीटभट्टीवरची अजून दोन आली, एक आंधळी शेळी, शेजाऱ्यांचा म्हातारा खिल्लार बैल, चार कुत्री. आणि आईचा मिठू तर आधीपासूनच होता, वादळात ढोलीतून पडलेलं पिल्लू तिने भिजवलेली डाळ भरवून वाढवलं होतं, नऊ वर्षं झाली होती त्याला.

मुलीच्या वर्गातली पोरं बघायला यायची. मग जिल्हा परिषद शाळेच्या बाई म्हणाल्या, अख्खा वर्ग आणू का? तिथून सगळं डोक्यात घेतलं. आम्ही हेमलकसाला जाऊन आलो होतो, प्रकाश आमटेंनी सांभाळलेले प्राणी आणि त्यांच्या शेजारीच शिकणारी माडिया मुलं पाहिली होती, तसं आपल्याकडे छोट्या प्रमाणावर व्हावं असं बाबांना फार वाटायचं.

वकिलांकडे गेलो आणि पहिल्याच दिवशी तीन गोष्टी कळल्या. नावात ‘अभयारण्य’ घालू नका, कारण अभयारण्य सरकार जाहीर करतं. जंगली प्राणी लोकांना दाखवायला ठेवले की ते प्राणीसंग्रहालय होतं, त्याला केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता लागते, म्हणजे आपण फक्त पाळीव जनावरंच ठेवायची. आणि तिसरी म्हणजे पोपट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपला साधा हिरवा पोपटही येतो, तो घरात पाळता येत नाही. मला खरंच माहीत नव्हतं आणि आई तर मानायलाच तयार नव्हती, म्हणाली मी त्याला जगवलंय, पकडून आणलेला नाही.

तीन आठवडे घरात हाच विषय. शेवटी बाबा तिला एवढंच म्हणाले की उद्या पोरं येणार आणि विचारणार पोपट पिंजऱ्यात का, तेव्हा काय सांगशील? दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मला 1926 ला फोन लावायला सांगितला, वनविभागाची हेल्पलाइन आहे ती. वनरक्षक आले, खूप नीट वागले, त्याला उपचार केंद्रात ठेवू म्हणाले, एकदम सोडला तर जगणार नाही. आईने एकच विचारलं, तिथे डाळिंब देतात का हो? पिंजरा अजून पडवीत आहे, रिकामा, आता मुलांना ही गोष्ट ती स्वतः सांगते.

ट्रस्टचं सांगते. 1950 च्या विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते. आम्ही विश्वस्त सगळे घरचेच घातले होते, वकिलांनी एक पशुवैद्य आणि एक निवृत्त शिक्षक घ्यायला लावले आणि ते फार बरं झालं, कारण घरातल्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. अर्ज त्रुटी काढून परत आला, जागेवरून. सातबाऱ्यावर बाबा आणि काका दोघांची नावं, काका डोंबिवलीला. संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, मग रजिस्टर केलेला भाडेपट्टा, यातच पाच महिने गेले. तुमची जमीन सामाईक असेल तर हे आधी करा, बाकी सगळं नंतर. पॅन, बँक खातं, 12ए-80जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) हे सीएने केलं.

ग्रामपंचायतीच्या ना-हरकतीला मात्र वेळ लागला, लोकांना कुत्र्यांची भीती होती आणि ती रास्तच होती. सगळ्या कुत्र्यांची नसबंदी, रेबीजची लस, त्यांचं आवार वेगळं, आणि आम्ही हाताळणारे चौघं आधीच रेबीजचे डोस घेतलेले, हे कागद सभेत दाखवले तेव्हा विषय मिटला. मुलांना पहिला धडाही तोच असतो, कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना, हळद-चुना काही नाही.

एका वेळी पंधराच मुलं घेतो. बिस्किटं आणायची नाहीत. गाढवांना मुख्यतः कडबाच, प्रेमाने लसूणघास जास्त घातला तर पाय सुजून लंगडायला लागतात, हे आम्ही सुरुवातीला चुकलो होतो.

पहिल्या बॅचला वीटभट्टीवरचा एक मुलगा होता, शाळेत फारसा बोलत नाही म्हणे. आमची लंगडी गाढवीण कुणालाच खुरांना हात लावू देईना, आमचे डॉक्टरही थांबले. हा पुढे आला, मानेवरून हात फिरवत फिरवत खाली आणला आणि पाय अलगद उचलून धरला. बाकीच्या पोरांनी त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली, हे वय कसं ओळखायचं, ही कान मागे का टाकते, आणि तो पाऊण तास सांगत होता. आता दर दीड-दोन महिन्यांनी खूर तासायचे असले की बाबा त्यालाच निरोप पाठवतात.