दाताच्या मागे मागे: अनुराधपूर ते कँडी

श्रीलंकेच्या जुन्या राजधान्या बघायच्या ठरल्या तेव्हा माझा पहिला आराखडा सोयीचा होता, म्हणजे चुकीचा. कोलंबोहून आधी थंड हवेचं कँडी, मग वर पोलोन्नरुवा, शेवटी अनुराधपूर. इतिहास शेपटाकडून वाचायला घेतल्यासारखं झालं असतं. मग वाचताना बुद्धाच्या दाताची गोष्ट सापडली. चौथ्या शतकात कलिंगच्या राजकन्येनं तो केसांत लपवून लंकेत आणला, आणि पुढे ज्याच्याकडे दात त्याचं राज्य असा शिरस्ताच पडला. राजधानी हलली की दात हलला. ठरलं, दात जसा गेला तसं आपण जायचं. आईला म्हटलं तर ती म्हणाली, "बरं आहे, माझे स्वतःचे आता फार उरलेले नाहीत."

व्हिसाचं काम ऑनलाइन झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पहिला फटका कोलंबो फोर्ट स्टेशनवर बसला. तारीख बघताना मी पोया, म्हणजे पौर्णिमा, बघितलीच नव्हती. पोयाला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि अख्खा देश पांढरे कपडे घालून अनुराधपूरला निघतो. आरक्षण संपलेलं. दुसऱ्या वर्गात दोन तास उभं राहिल्यावर एका आजोबांनी आईला खुणेनंच जागा दिली, मी मात्र दारापाशीच.

पण त्या गर्दीमुळेच अनुराधपूर कळलं. ही राजधानी सुमारे तेराशे वर्षं टिकली. रुवनवेलिसायचा पांढरा स्तूप, जेतवनरामयचा विटांचा डोंगर (मूळ उंची सुमारे 122 मीटर, प्राचीन जगातल्या सर्वांत उंच बांधकामांपैकी एक), हे सगळं भग्नावशेष म्हणून बघायला जावं तर लोक तिथे सहकुटुंब बसून प्रार्थना करतायत. महाबोधी वृक्ष तर संघमित्रेनं, म्हणजे अशोकाच्या मुलीनं, बोधगयेहून आणलेल्या फांदीचा. आधाराच्या सोनेरी टेकूंवर रेललेला. त्याच्याखाली आई बराच वेळ हात जोडून उभी होती. फुलवाल्या बाईनं कमळ पुढे करत "मल, मल" म्हटल्यावर मात्र ती दचकली. सिंहलीत मल म्हणजे फूल, हे समजावेपर्यंत तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. मुख्य तिकिटात सगळं येत नाही, बोधिवृक्षाचे आणि इसुरुमुनिया विहाराचे पैसे वेगळे द्यावे लागतात. आणि प्रत्येक पवित्र आवारात चपला, टोपी काढायची, खांदे-गुडघे झाकलेले हवेत. दुपारी बारानंतर तिथल्या फरशीवर अनवाणी चालणं म्हणजे तव्यावर चालणं. जाड मोजे घातलेले चालतात. आम्हाला ते दुसऱ्या दिवशी कळलं, पहिल्या दिवशी आईचे तळवे लाल झाले होते.

दाताचं इथलं घर शोधायला राजवाड्याच्या तटबंदीत जावं लागतं. तिथे गर्दी नाही. काही खांब उभे आहेत आणि शेजारी महापाली अन्नछत्रातली दगडी डोणी, भिक्षूंसाठी भात वाढायची. पाचव्या शतकात चिनी भिक्षू फाहियान इथे राहिला, त्यानं दाताची मिरवणूक पाहून लिहून ठेवली. डोणी एवढी मोठी की आईनं किती माणसांचा भात मावेल याचा हिशोब मांडायला घेतला, आणि लग्नाच्या पंगतीवर येऊन थांबली.

993 च्या सुमारास चोळांनी अनुराधपूर लुटलं आणि कारभार पोलोन्नरुव्याला नेला. आम्हीही बसनं गेलो, शंभरेक किलोमीटर, तीनेक तास. इथला फटका माझ्याच वेंधळेपणाचा. सार्क देशांतल्या लोकांना तिकीट निम्म्यात मिळतं, पण पासपोर्ट दाखवावा लागतो. तिकीट संग्रहालयाशी मिळतं, आणि आईचा पासपोर्ट गेस्टहाउसच्या उशीखाली. रिक्षानं परत, रिक्षानं पुन्हा. वाचलेल्या पैशांतले थोडे तिथेच गेले, सकाळचा गार तासही गेला.

पोलोन्नरुवा मला सर्वांत आवडलं. 1070 मध्ये विजयबाहूनं चोळांना हुसकावलं, पण राजधानी इथेच ठेवली. चोळांचं दगडी शिवमंदिर त्यानंतरही शाबूत राहिलं, आत पिंड आहे. दाताच्या आवारात एकाच ओट्यावर दोन राजांची दोन दंतमंदिरं, विजयबाहूचं अटदागे आणि निश्शंकमल्लाचं हटदागे. अट म्हणजे आठ हे आईनं न सांगता ओळखलं. दुसऱ्यातला 'हॅट' म्हणजे साठ, साठ तासांत बांधलं म्हणून. स चा ह झाला की सिंहली आपल्या ओळखीची वाटायला लागते. हा निश्शंकमल्ल फार हौशी गडी. जिथे तिथे शिलालेख. शेजारीच त्याचं गलपोत, आठेक मीटर लांबीचं दगडी पुस्तक, त्यात स्वतःची स्तुती, आणि हा दगड अनुराधपूरजवळच्या मिहिंतलेहून ओढून आणला हेही त्यातच कोरलेलं. खरं मोठं काम केलं ते त्याच्या आधीच्या पराक्रमबाहूनं. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्याशिवाय समुद्रात जाता कामा नये, हे त्याचं धोरण. संध्याकाळी त्याच्याच पराक्रम समुद्र या तलावाच्या बांधावर बसलो तेव्हा पाण्याचं दुसरं टोक दिसत नव्हतं.

एक बारकावा आईनं पकडला. अनुराधपूरच्या अर्धचंद्र पायऱ्यांवर हत्ती, घोडा, सिंह आणि बैल होते, इथे बैल गायब. नंदीवर पाय पडू नये म्हणून तो पायरीवरून काढला, असं सांगतात. "शहाणी माणसं," आई म्हणाली.

यानंतर राजधानी स्थिर राहिलीच नाही. स्वाऱ्या होत राहिल्या, राजे दक्षिणेकडे सरकत गेले. राजगड, रायगड, जिंजी, सातारा हे आपल्याला पाठ असतं, त्यामुळे पळती राजधानी समजायला वेळ लागला नाही. त्या दिवशी बस सोडून गाडी ठरवली आणि कँडीच्या वाटेवर यापहुव्याला वळलो. तेराव्या शतकात भुवनेकबाहूनं सुमारे शंभर मीटर उंच कातळाच्या पायथ्याशी राजधानी थाटली. जिना इतका खडा की आई खाली आंब्याखाली बसली. वर दोन दगडी सिंह, डोळे वटारलेले. तिथून पांड्यांचं सैन्य दात घेऊन दक्षिण भारतात गेलं, तो पुढच्या राजाला वाटाघाटी करून परत आणावा लागला. वर आता रिकामी चौकट आहे. वाऱ्याला उभं राहून मी खाली बघितलं तर आई गाडीवाल्याला फरसाण देत होती.

कँडीच्या दंतमंदिरात पूजा दिवसातून तीनदा होते. संध्याकाळी साडेसहाच्या पूजेला तासभर आधी गेलो तरी जिन्यात रांग. ढोल सुरू झाले. इथे 1815 च्या मार्चमध्ये सरदारांनी इंग्रजांशी करार केला, शेवटच्या राजाला वेल्लोरला धाडलं. पण राज्य खऱ्या अर्थानं गेलं ते 1818 मध्ये, असं म्हणतात. बंडवाल्यांनी पळवलेला दात इंग्रजांच्या हाती पडला, आणि लोकांनी मनातून हार मानली.

दात दिसत नाही. दिसते ती खिडकीपलीकडे सोन्याची करंडी, तीही दोन-तीन सेकंद, मग मागून रेटा येतो. आईनं तेवढ्यात कमळ ठेवलं. खाली चपलांच्या खिडकीपाशी पोचल्यावर ती म्हणाली, "तू बघितलास का?"

"दात नाही. डबी."

"मग अनुराधपूरला काय वेगळं होतं? तिथे डबीसुद्धा नव्हती," असं म्हणून ती आपला बिल्ला शोधायला लागली. बिल्ला माझ्याकडे होता.