तुम्ही विचारलंत म्हणून: इलेक्ट्रिक गाडीचं बॉनेट उघडू का?

"इलेक्ट्रिक गाडीचं बॉनेट उघडून आत हात घातला तर शॉक बसेल का हो?" मी या गाड्यांवर काम करतो आणि इंजिनाच्या गाड्यांवर तयार झालेल्या मेकॅनिकना हे नवं काम शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न वरचेवर कानावर येतो. विचारणारे बहुतेक गाडीमालक असतात. त्यांना काचेवर फवारायचं पाणी भरायचं असतं, पण हात पुढे होत नाही. मेकॅनिक मात्र क्वचितच विचारतात. वर्षानुवर्षं चालत्या इंजिनात हात घातलेला माणूस याही बॉनेटखाली बिनधास्त हात घालतो, आणि मला खरी काळजी त्याची वाटते.

आधी मालकांचं उत्तर देतो. पाणी खुशाल भरा. वायपर बदला, ब्रेक ऑइलची पातळी बघा, फ्यूज बॉक्सचं झाकण उघडून फ्यूज तपासा. गाडीचा चार्जर काढलेला असावा आणि गाडी बंद असावी, एवढं पाळलंत की या कामांत जिवाला धोका नाही. पाण्याचं झाकण आणि कूलंटचं झाकण यांत गल्लत तेवढी करू नका. काही इलेक्ट्रिक गाड्यांत खास कमी वीजवाहक कूलंट असतं. त्यात नळाचं पाणी किंवा दुसऱ्या गाडीचं उरलेलं कूलंट ओतलं तर त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता वाढते आणि ज्या कारणासाठी ते कूलंट निवडलं तेच वाया जातं. बॉनेटखाली प्रेशरचा पाइप मारून धुणंही टाळा. आणि नारिंगी केबलला हात लावू नका. नारिंगी रंगाचं वेष्टन म्हणजे आत गाडी चालवणारी मोठी वीज आहे, ही खूण जगभरच्या गाड्यांत पाळली जाते. ती केबल ज्या ज्या डब्यात शिरते, तो डबाही त्याच हद्दीतला समजायचा.

ही मोठी वीज किती? बहुतेक गाड्यांत ४०० व्होल्टच्या आसपास, नव्या काही गाड्यांत ८०० च्या आसपास. गाड्यांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डीसीसाठी, म्हणजे बॅटरीतून एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेसाठी, ६० व्होल्टच्या वर गेलं की 'हाय व्होल्टेज' सुरू होतं. शरीराचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर ४०० व्होल्टला ०.४ अँपिअर प्रवाह अंगातून जातो. हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा आहे. इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिड गाडीत बॅटरी लहान असते म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियस या हायब्रिडची बॅटरी सुमारे २०० व्होल्टची होती, पण तिच्यातला कन्व्हर्टर ते ५०० व्होल्टपर्यंत चढवायचा. शिवाय हायब्रिडचं इंजिन, गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी' दिवा लागलेला असताना, कधीही आपणहून सुरू होऊ शकतं, आणि त्या वेळी तुमचा हात इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याजवळ असू शकतो.

आता मेकॅनिकांसाठी. गाडी बंद केली म्हणजे वीज गेली, हा समज मला सगळ्यात जास्त घातक वाटतो. तो कुठून येतो तेही कळतं. मोठ्या बॅटरीच्या आत कॉन्टॅक्टर नावाचे जाडजूड स्विच असतात. बॉनेटखालच्या साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीने त्यांच्या कॉइलला वीज दिली की ते मिटतात आणि मोठी वीज नारिंगी केबलमध्ये येते. गाडी बंद केली की कॉइलची वीज जाते, स्प्रिंग कॉन्टॅक्टर उघडते आणि मोठी वीज बॅटरीच्या पेटीतच अडकून राहते. रचना उत्तम आहे. पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये याला ठोस कारणं आहेत.

पहिलं कारण, उभी गाडी झोपलेली नसते. पुष्कळ गाड्या पार्क केलेल्या असताना १२ व्होल्टची बॅटरी उतरायला लागली की स्वतःच कॉन्टॅक्टर मिटवतात आणि मोठ्या बॅटरीतून तिला चार्ज करतात. गाडीत कुणी नसतं, दिवा लागलेला नसतो, आवाजही जेमतेम होतो. चार्जिंग चालू असताना तर पंखा आणि कूलंटचा पंप हवा तेव्हा फिरतो.

दुसरं कारण इन्व्हर्टरमधले, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणाऱ्या डब्यातले, वीज साठवणारे कपॅसिटर. समजा ५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला भरलेला आहे, तर त्यात ४० जूल ऊर्जा साठलेली असते. वीज तोडल्यावर हा साठा आपोआप रिकामा व्हावा अशी सोय असते, तरीही मॅन्युअल बहुधा ५ ते १० मिनिटं थांबायला सांगतं. ती मिनिटं खरोखर थांबायची असतात. रिकामं करणारं सर्किटच बिघडलेलं असेल तर काय, याचा विचार करून थांबायचं आणि नंतर मोजायचंही.

तिसरं कारण, कॉन्टॅक्टरची टोकं कधीकधी एकमेकांना वितळून चिकटतात. मग कॉइलची वीज गेली तरी स्विच मिटलेलाच राहतो. चौथं कारण म्हणजे खुद्द बॅटरी. काही गाड्यांत सर्व्हिस प्लग असतो, नारिंगी मुठीचा, तो ओढला की बॅटरीची जोडणी मधोमध तुटते. पण म्हणजे ४०० चे २०० आणि २०० झाले. पेटीच्या आतले सेल कुठल्याही प्लगने बंद होत नाहीत, म्हणून बॅटरीची पेटी उघडणं हे वेगळ्या प्रशिक्षणाचं काम आहे.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. कायम चुंबकाच्या मोटरची चाकं फिरली की ती वीज निर्माण करते. गाडी जॅकवर घेतलेली आहे, नारिंगी कनेक्टर उघडे आहेत आणि कुणीतरी सहज चाक फिरवून बघतंय, असं दृश्य दिसलं की मी काम थांबवायला लावतो. मोटरला जोडलेली चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढून नेऊ नका असं मॅन्युअल सांगतं, त्यामागेही हेच कारण आहे.

मग काम करायचं कसं? त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडं ठेवून, हे पहिलं. क्रम गाडीगणिक बदलतो, पण गाभा सारखाच असतो. गाडी बंद करायची, चार्जर काढायचा, चावी खिशात न ठेवता गाडीला तिचा सिग्नल मिळणार नाही इतकी लांब आणि कुलपात ठेवायची. १२ व्होल्टचं निगेटिव्ह टर्मिनल काढून टेप गुंडाळायची. सर्व्हिस प्लग असेल तर हातमोजे घालून काढायचा आणि तोही स्वतःच्या ताब्यात ठेवायचा, म्हणजे दुसरं कुणी येऊन परत बसवणार नाही. गाडीभोवती दोरी लावून पाटी टांगायची. अंगठी, घड्याळ, साखळी, कडं सगळं उतरवायचं. हे १२ व्होल्टलासुद्धा लागू आहे. ती छोटी बॅटरी शॉक देत नाही, पण पाना किंवा अंगठी दोन टोकांमध्ये अडकली तर शेकडो अँपिअर धावतात आणि बोट भाजून निघतं.

हातमोज्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे हमखास हयगय होते. इलेक्ट्रिशियनचे साधे रबरी मोजे चालत नाहीत. 'क्लास ०' छापलेले, १,००० व्होल्ट एसी (घरातल्यासारखी दिशा बदलत राहणारी वीज) आणि १,५०० व्होल्ट डीसीपर्यंतचे मोजे लागतात आणि त्यांच्यावर चामड्याचे मोजे चढवावे लागतात. रबर वीज अडवतं, चामडं रबराला पत्र्याच्या धारेपासून वाचवतं. घालण्याआधी प्रत्येक वेळी मोज्याचं मनगट घट्ट गुंडाळत आणायचं, म्हणजे हवा आत कोंडून बोटं फुगतात. मग तो गालाजवळ आणि कानाजवळ धरून दाबायचा. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी गालाला झुळूक लागते किंवा बारीक सूं असा आवाज येतो. बोटांच्या बेचक्यांत रबर ताणून भेगा बघायच्या, तिथेच ते आधी फाटतं. ठरावीक काळाने, साधारण सहा महिन्यांनी, त्यांची रीतसर चाचणीही करून घ्यायची. ऑइल लागलेला, उन्हात पडलेला, घडी घालून हत्यारांखाली दाबलेला मोजा वरून धडधाकट दिसतो. तो मी वापरू देत नाही.

मोजे चढवले की व्होल्टेज मोजायचा मीटर. निदान १,००० व्होल्ट, कॅट-३ या सुरक्षा दर्जाचा, आणि त्याच दर्जाच्या वायरींचा. आधी वीज असल्याची खात्री असलेल्या जागी, म्हणजे एखाद्या चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर, मीटर लावून आकडा येतो का ते बघायचं. मग नारिंगी कनेक्टरवर प्लस ते मायनस, प्लस ते बॉडी, मायनस ते बॉडी असं तिन्ही मोजायचं. आणि लगेच परत त्या १२ व्होल्टवर लावून मीटर अजून शाबूत आहे ना, ते पाहायचं. शेवटची ही पायरी लोक गाळतात. मीटरची वायर आतून तुटली असेल, तर तो शून्यच दाखवणार, आणि त्या शून्याच्या भरवशावर तुम्ही मोजे काढणार. तिन्ही ठिकाणी जवळजवळ शून्य आलं आणि मीटर दोन्ही वेळा खरा निघाला, तरच गाडीतली वीज गेली असं मी म्हणतो. स्क्रीन, दिवा, मालकाचा शब्द, आधीच्या पाळीतल्या सहकाऱ्याचा शब्द, यातलं काहीही त्याच्या जागी चालत नाही.

"मी एकाच वायरला हात लावला, काही झालं नाही," असं सांगणारे भेटतात. त्यांचं खरं असतं आणि तीच धोक्याची जागा आहे. घरातल्या विजेचा एक धागा जमिनीशी जोडलेला असतो, गाडीतल्या मोठ्या विजेचा मात्र प्लस किंवा मायनस कुठलाच बॉडीशी जोडलेला नसतो. त्यामुळे एका टोकाला स्पर्श झाला तर सर्किट पूर्ण होत नाही. पण कुठेतरी केबलचं वेष्टन घासलं गेलं, कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, की एक टोक गुपचूप बॉडीला मिळतं. त्यानंतर दुसऱ्या टोकाला लागलेला हात आणि बॉनेटच्या पत्र्यावर टेकलेलं कोपर यांच्यामध्ये पूर्ण व्होल्टेज असतं. मोठी वीज आणि बॉडी यांच्यामधला रोध गाडी सतत मोजत असते. डीसीला व्होल्टमागे निदान १०० ओहम हवेत, म्हणजे ४०० व्होल्टला ४०,००० ओहम. 'आयसोलेशन फॉल्ट', म्हणजे हा रोध कमी झालाय, असा कोड घेऊन आलेली गाडी म्हणूनच इतर गाड्यांपेक्षा जास्त जपून हाताळायची. गाडी थंड करणाऱ्या एअर कंडिशनरच्या कॉम्प्रेसरमध्ये चुकीचं ऑइल भरल्यानेसुद्धा हा रोध घसरतो. या गाड्यांचा कॉम्प्रेसर मोठ्या विजेवर चालतो, त्याच्या मोटरची वाइंडिंग (तारेची वेटोळी) त्याच ऑइलमध्ये भिजत असते. गॅस भरणाऱ्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

नारिंगी कनेक्टर विजेचा भार चालू असताना ओढू नये, हे मी दरडावून सांगतो. ५० हर्ट्झच्या एसीत प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती संधी येत नाही. हजारो अंशांचा आर्क, म्हणजे न विझणारी ठिणगी, ताणला जातो, तांबं वितळून उडतं आणि ते चेहऱ्याच्या दिशेने येतं. म्हणून मोज्यांबरोबर चेहऱ्यावर शील्डही हवी आणि अंगात सुती कपडे हवेत, वितळून कातडीला चिकटणारे नकोत.

अपघात झालेली किंवा पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी आली तर बॉनेटची घाई करू नका. तिला इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून दूर, मोकळ्यावर उभी करा. दुखावलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. गोडसर किंवा उग्र वास, फुसफुस आवाज, पेटीतून वाफेसारखा धूर असं काही जाणवलं की माणसं बाजूला करून अग्निशमन दलाला बोलवा आणि गाडी इलेक्ट्रिक आहे हे फोनवरच सांगा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने उघड्या मोटरच्या जवळ जाऊ नये, तिच्यातली चुंबकं फार ताकदीची असतात.

शेवटी एकट्याने हे काम करायचं का, असं विचारतात. नाही. शेजारी दुसरा माणूस हवा, वीज कुठून तोडायची हे त्याला माहीत हवं आणि हाताशी इन्सुलेटेड आकडा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या दांड्याचा हूक, हवा. जोडीदार वायरला चिकटला तर त्याला नुसत्या हाताने धरायचं नाही. आकड्याने किंवा कोरड्या लाकडाने ओढून सोडवायचं, श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला लागायचं आणि दुसऱ्याला ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांगायचं. तो उठून बसला, हसला, "काही नाही झालं, चला काम करू" म्हणाला, तरीही त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या, ईसीजी काढा आणि किती व्होल्टचा शॉक बसला हे डॉक्टरांना सांगा. हृदयाच्या लयीतला बिघाड आणि स्नायूंच्या आतलं भाजणं बाहेरून दिसत नाही.