तुम्ही विचारलंत म्हणून: कापडाची नाव की टाकीची?

गाडीच्या टपावर दोन नावा बांधून बेळगावच्या अनगोळातून निघालो की पहिल्या चहाला थांबेपर्यंत प्रश्न येतोच. एक नाव लांब, बारीक, मळकट तपकिरी. दुसरी १० फुटी, रुंद, भडक पिवळी. पहिली मी घरी केलेली, लाकडाच्या सांगाड्यावर कापड शिवून. दुसरी विकत घेतलेली प्लास्टिकची कयाक. लोक दोन्हींवर टिचक्या मारून बघतात आणि म्हणतात, "काका, ह्यातली बरी कुठली?" पोरं आणखी पुढं जातात, "घरी करावी की सरळ घेऊन टाकावी?" आणि खानापूरच्या घाटावर मलप्रभेत नाव सोडताना एका म्हाताऱ्यानं कानडीतनं विचारलं, "इदेन हरगोल एनरी?" हा हरगोलच काय, म्हणून.

मी हो म्हटलं, आणि ते उगाच नव्हे. हरगोल म्हणजे बांबूची मोठी गोल टोपली. तिला बाहेरून पूर्वी चामडं असायचं, हल्ली ताडपत्री नाहीतर प्लास्टिकचा कागद आणि वर डांबराचा हात. १५२० च्या सुमारास विजयनगरला आलेल्या दोमिंगो पाइश या पोर्तुगीजानं हे लिहून ठेवलंय: आतून वेत, बाहेरून चामडं, पंधरा-वीस माणसं बसतात, वेळ पडली तर घोडे-बैलही पार होतात, फक्त सरळ जात नाहीत, गरागरा फिरतात. ज्या मुलखात मोटेच्या चामड्यात पाणी आत राहायचं, तिथं कातड्यानं पाणी बाहेर राहतं याचं नवल वाटायला नको. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांनी तीच अक्कल लांबट आकारात वापरली. ग्रीनलंडात लाकडाची मारामार. समुद्रातून वाहत आलेले ओंडके गोळा करून सांगाडा बांधायचा, त्यावर सीलचं कातडं शिवायचं आणि शिकारीला जायचं. कयाक हा शब्द त्यांचाच. माझ्या नावेवर सीलच्या जागी जाड नायलॉन आहे, बाकी रीत तीच.

माझी सगळी उमेद उद्यमबागेत फौंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात ते नमुने, करण्यात गेली. तिथं माप अर्धा मिलिमीटर हललं तरी बोलणी बसायची. त्यामुळं या नावेची ग्रीनलंडी मापं वाचली तेव्हा हसूच आलं. लांबी तीन वाव, रुंदी म्हणजे स्वतःचं बूड अधिक दोन मुठी. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. विहिरीचा दोर आमच्याकडं अजून वावातच मोजतात. माझा वाव ५ फूट ७ इंच, म्हणून नाव १६ फूट ९ इंच. टेप धरणाऱ्या बायकोचं म्हणणं पडलं, "दोन मुठी कशाला, चार धरा की." मी ऐकलं नाही. पुढच्या दिवाळीनंतर तिचंच खरं ठरलं.

काठाच्या दोन लांब पट्ट्या शिवण झाडाच्या लाकडाच्या, हलक्या आणि वेड्यावाकड्या न होणाऱ्या. बरगड्या बांबूच्या कामट्यांच्या. न्हाणीतल्या जुन्या बंबाला पाइप जोडून त्यात कामट्या वाफवायच्या आणि बाहेर काढल्या काढल्या गुडघ्यावर वाकवून काठाच्या खाचेत बसवायच्या. हातात मिनिटभरच वेळ असतो. निवली की कामटी ऐकत नाही, मोडते. सोळा मोडल्या. खिळा किंवा स्क्रू सबंध नावेत नाही. काही सांधे लाकडी खुंट्यांचे, बाकीचे दोऱ्यानं आवळलेले. टाका कसा ओढायचा ते अथणीकडच्या एका चप्पल करणाऱ्या कारागिरानं दाखवलं. (कोल्हापुरी म्हटलं की सगळे कोल्हापूरकडं बघतात, पण २०१९ ला तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे.) त्यानं सांगाडा हातानं पिळून बघितला, तो थोडा वळला, तेव्हा मान हलवली. "कडक असता तर दोराच तुटला असता," म्हणाला. लाटेवर हा सांगाडा असाच थोडा लवतो.

पिवळीचं म्हणाल तर ती गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सख्खी बहीण. पॉलिथिनची पूड साच्यात भरतात, साचा भट्टीत घालून दोन दिशांनी हळूहळू फिरवत ठेवतात. पूड वितळते, साच्याला आतून सगळीकडं लागते, मग थंड करून साचा उघडला की अख्खी नाव बाहेर. जोड कुठं नाही. साचा करणाऱ्याला मी मनातून सलाम करतो, कारण तो करणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. पण साचा एकच. ५० किलोच्या माणसाला आणि ९० किलोच्या माणसाला तीच नाव. म्हणून ती रुंद ठेवलेली असते, कुणीही बसावं आणि पडू नये अशी.

आता सगळ्यांच्या मनातली शंका. कापड फाटत नाही काय?

मे महिन्यात मलप्रभा खानापूरजवळ एवढी आटते की मध्ये मध्ये नुसते खडक वर येतात. पिवळी खडकावर चढली की खर्रकन आवाज येतो आणि तळाला प्लास्टिकच्या बारीक साली निघतात, रंधा मारल्यासारख्या. तिला काही होत नाही. तपकिरी खडकावर गेली की आवाज जवळजवळ नसतोच. दगड कापडाखालून, माझ्या मांडीखालून सरकताना कळतो, पोटावरून कुणी मूठ फिरवावी तसा. कापड आत दबतं आणि दगड मागं गेला की परत ताणतं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी श्वास धरून बसलो होतो. आजवर दगडानं ती फाटलेली नाही. धारदार लोखंड, तुटका पत्रा, माशांच्या जाळ्याचा खुंट यांचं मात्र सांगता येत नाही.

तेव्हा मजबुतीचा प्रश्न बाजूला ठेवा. मी उलट विचारतो, नाव ठेवणार कुठं? वर्षातले पंचवीस-तीस दिवस ती पाण्यात असते. उरलेले सगळे दिवस ती तुमच्या घरात राहणार, म्हाताऱ्या नातेवाइकासारखी. निकाल तिथं लागतो.

माझी तपकिरी फाटली ती घरात. माळ्याला दोन दोऱ्यांवर टांगली होती. हिडकल धरणाच्या सहलीत नावेत भडंग सांडलं होतं आणि झाडून घ्यायचा कंटाळा केला. उंदरानं आतले चिरमुरे बाहेरून गाठले. सकाळी बघतो तर बुडाला मुठीएवढं भोक. बायको म्हणाली, "बुडायचं ते घरातच बुडालं." मग तुकडा कापला, कडा मेणबत्तीवर धरून बंद केल्या, कारण नायलॉनचे धागे सुटत जातात. वाकड्या सुईनं बारीक टाके घातले, दोन भाग मिसळून लावायचं पॉलियुरेथेन वरून तीनदा फिरवलं. दोन संध्याकाळी गेल्या. ते ठिगळ आज नावेतली सगळ्यात जाड जागा आहे.

बेळगावचा पावसाळा हाही तिचा वैरी. नायलॉन दमट हवेत सैल पडतं. जुलैत हात लावला तर पापड मऊ पडावा तशी लागते, मार्चमध्ये ढोलासारखी वाजते. तपकिरीच्या आधीची माझी नाव तंबूच्या सुती कॅनव्हासची होती, ऑइलपेंट दिलेली. सुताचं उलटं, भिजलं की आवळतं. पण पाणी आत राहिलं तर कुजतं, आणि ती दोन पावसाळ्यांत बुरशीनं गेली. सांगाड्याला दरवर्षी तेल द्यावं लागतं, वाळवी बघावी लागते. एवढं करायला पडवी पाहिजे, माळा पाहिजे आणि थोडी सवड पाहिजे.

पिवळीला उंदीर लागत नाही, वाळवी लागत नाही. तिला ऊन लागतं. दोन उन्हाळे अंगणात पडून राहिली की रंग उडतो, नंतर प्लास्टिक ठिसूळ व्हायला लागतं. एकदा एप्रिलमध्ये मी ती टपावर जरा जोरानंच आवळली. हिडकलला पोचेपर्यंत दोन दांड्यांच्या जागी दोन पन्हाळी पडल्या होत्या. घरी येऊन उन्हात उलटी ठेवली, वर बादलीभर गरम पाणी ओतलं, तेव्हा एक जवळजवळ भरून आली. दुसरी अजून आहे. आणि भोक पडलं तर? या प्लास्टिकला कुठलाच गोंद नीट धरत नाही. बादल्या-घागरींना तापल्या सळईनं डाग देणारा दारावर येतो, तसाच प्लास्टिक वितळवून सांधावं लागतं. तेही साध्या पॉलिथिनचं असेल तर. क्रॉसलिंक्ड म्हणतात त्या जातीचं असेल तर ते वितळतच नाही.

उचलायचं बघा. तपकिरी भरली १५ किलो, पिवळी २५. काट्यावर हा १० किलोंचा फरक फार वाटत नाही. पण उन्हाळ्यात हिडकलचं पाणी मागं सरतं आणि गाडीपासून काठापर्यंत भेगाळलेला गाळ तुडवत जावं लागतं. तपकिरी मी एकटा खांद्यावर घेऊन जातो. पिवळीला दुसरा माणूस लागतो, आणि परत येताना तो दुसरा माणूस कुठं तरी चहाला गेलेला असतो.

पाण्यात दोघींचा स्वभावच वेगळा. तपकिरी बारीक आणि लांब, दोन वल्ह्यांत तीरासारखी जाते, पण शिंकलात तरी डुलते. ग्रीनलंडातले शिकारी उलटून वल्ह्याच्या एका फटक्यात सरळ व्हायचे. मला त्यातलं उलटणं तेवढं जमलंय. आणि हे नीट ऐका: कापडाच्या नावेत आतून बंद कप्पे करणारे आडपडदे नसतात, उलटली की ती पाण्यानं भरते. म्हणून दोन्ही टोकांना फुगवलेल्या हवेच्या पिशव्या घट्ट बसवल्याशिवाय मी तिला पाण्यात घालत नाही. पिवळीवर तुम्ही वरच बसता, आलेलं पाणी भोकांतून आपोआप निघून जातं, पडलात तर परत चढता येतं. पुतण्यांना, पाहुण्यांना, "एकदा बसून बघू का" म्हणणाऱ्या कुणालाही मी पिवळीच देतो. तपकिरी माझ्या बुडाच्या मापाची, ती दुसऱ्याला बसतच नाही. लाइफ जॅकेट दोन्हींत घालायचं, पोहता येत असलं तरी.

"पुरात कामाला येईल काय?" हेही विचारतात, विशेषतः चिकोडी-रायबागकडचे. २०१९ चा ऑगस्ट ज्यांनी बघितला त्यांचं विचारणं मला कळतं. नाही येणार, दोन्हींतली एकही नाही. पुरात तारा असतात, वाहती झाडं असतात, कुंपणं पाण्याखाली गेलेली असतात. तो विचार सोडा.

स्वस्ताईसाठी घरी करणार असाल तर तोही सोडा. सामानाला कमी पैसे लागतात खरे, पण माझे चार महिन्यांचे रविवार गेले. मला ते हवेच होते, रिटायर माणूस मी. तुम्हाला नको असतील तर सरळ विकत घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

मागच्या महिन्यात टिळकवाडीतला एक पोरगा आला, आयटीतला, घरून काम करतो. त्याला कापडाचीच करायची होती, लाकडाची यादीसुद्धा घेऊन आला होता. मी विचारलं, राहतोस कुठं? तिसरा मजला, लिफ्ट नाही. टेप घेऊन दोघं त्याच्या जिन्यावर गेलो. वळणावर १७ फूट काही केल्या वळेना, गॅलरीही आखूड. १० फूट उभे करून जेमतेम गेले. त्यानं प्लास्टिकचीच घेतली, निळी. गॅलरी पश्चिमेची, दुपारी नुसतं ऊन ओततं, म्हणून मी बजावलं होतं की वर जुनं कांबळं टाक. परवा गेलो तर कांबळं नव्हतं. आईनं त्या नावेवर धुणं वाळत घातलं होतं, दोन चादरी आणि एक लुगडं. म्हटलं, सावली पडली म्हणजे झालं.