तुम्ही विचारलंत म्हणून: ठमीला घेऊन मी मध्येच बाहेर का पडले

‘अहो, थोडंच तर राहिलं होतं. जरा दमात घेतलं असतंत तर धावली असती की ती!’

हे सरावाच्या मैदानावर ऐकून झालंय, घरात ऐकून झालंय, त्या दिवशी तिथे नसलेल्या माणसांकडूनही ऐकून झालंय. एजिलिटी म्हणजे उड्या, बोगदे असे अडथळे कुत्र्याने माणसाच्या इशाऱ्यावर ठरलेल्या वेळात पार करायची स्पर्धा. तिची रन, म्हणजे आमची फेरी, चालू असताना मी माझ्या कुत्रीला, ठमीला, घेऊन रिंगबाहेर का आले, हा तो प्रश्न. त्याच्या मागून हळूच दुसरा येतो: इतकी वर्षं नुसतं खेळवलंत, हाती काय लागलं? पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याने माझं डोकं फिरतं. दोन्हींचं एकदाच काय ते सांगून टाकते.

आधी भांडण. खेळून शिकवणं म्हणजे लाड करणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी टगचा, म्हणजे कुत्र्याशी दोरीच्या ओढाओढीचा, एक डाव नीट खेळून बघावा. सांगितल्याशिवाय धरायचं नाही, ‘सोड’ म्हटलं की दोरी त्याच क्षणी तोंडातून सुटली पाहिजे, पुन्हा परवानगी मिळेपर्यंत दात लावायचे नाहीत. आणि हे सगळं कुत्रा पुरता पेटलेला असताना. सुस्तावलेल्या कुत्र्याला ‘बस’ म्हणणं कुणालाही जमतं. शिवाय, टग खेळलात की कुत्रा डोक्यावर बसतो, हेही ऐकवतात. रूनी आणि ब्रॅडशॉ या संशोधकांनी २००२ साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. १४ गोल्डन रिट्रीव्हर घेतले, टगमध्ये त्यांना कधी पुन्हा पुन्हा जिंकू दिलं, कधी हरवलं. जिंकून कुणी माणसावर दादागिरी करायला लागलं नाही. उलट खेळ झाल्यावर, जिंकलेले असोत की हरलेले, ते माणसाचं जास्त लक्ष देऊन ऐकत होते. तेव्हा मी ठमीला जिंकू देते. पुष्कळदा देते. तो विषय माझ्यापुरता संपला.

खरा आक्षेप वेगळा आहे. रिंगमध्ये खेळणं नेता येत नाही, खाऊ नेता येत नाही, धावताना कुत्र्याला हात लावायलाही मनाई. मग ज्या दोरीसाठी ठमी बारा वीव्ह पोल्समधून, म्हणजे ओळीत रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी, सळसळत निघते, ती दोरीच नसेल तर ती कशाला निघेल?

पूर्वी माझ्याकडे याचं तयार उत्तर असायचं. डेव्हिड प्रेमॅकने १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व मी ऐटीत सांगायचे: जे करायला जीव आपणहून धावतो, ते नावडत्या कामाच्या मागे लावा, म्हणजे नावडतं कामही जोमाने होतं. आधी पोल्स, मग दोरी. दोरी म्हणजे पगार, आणि पगार शेवटी मिळतोच हे एकदा पटलं की मधले दिवस बिनतक्रार जातात. तत्त्व खरंच आहे. पण पगारासाठी राबणाऱ्याचं लक्ष घड्याळाकडे असतं, ही बाजू मी तेव्हा कुणाला सांगत नसे. ठमी काम करायची माझ्याबरोबर, पण डोळा असायचा माझ्या खिशावर. मी त्याला ड्राइव्ह, म्हणजे कामाची आतली ओढ, म्हणायचे. ड्राइव्ह होताच तो. फक्त माझ्यासाठी नव्हता.

आता तो दिवस.

ठमी त्या दिवशी रिंगबाहेर खेळली होती. हे मुद्दाम सांगते, कारण ‘बाहेर खेळत नाही तो कुत्रा आत काम करणार नाही’ हे वाक्य मीच सगळ्यांना ऐकवत असते. ती खेळली, जोरात खेळली. फक्त दोरीवरची पकड सारखी बदलत होती. चावा घ्यायची, सोडायची, परत चावायची. एरवी दोरी जिंकली की ती घेऊन माझ्याच पोटऱ्यांवर येऊन आदळते: धर, पुन्हा ओढ. त्या दिवशी जिंकली आणि दोरी तोंडात धरून जागीच उभी राहिली. नजर लाउडस्पीकरकडे. हे मला तेव्हाच खटकलं होतं, की नंतर रात्री पडल्या पडल्या आठवलं, ते आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

स्टार्ट लाइनवर बसवलं, पुढे गेले, वळून पाहिलं. कान मागे गेलेले. बोलावल्यावर पहिली उडी घेतली, दुसरी घेतली, टनेलमध्ये शिरली. सरावात ती टनेलमधून अशी सुटते की मला पळायला जागा पुरत नाही. त्या दिवशी आधी नाक बाहेर आलं, मग बाकीची ठमी, चालत. समोर पुढची उडी होती. ती तिच्या बाजूने गेली आणि गवत हुंगायला लागली.

बाहेर कुणीतरी हसलं.

मी हाक मारली. तिने मान वर केली, जिभेने नाक चाटलं, मान परत खाली. मग मी आवाजात उसना आनंद आणून बोलावलं. उसना आनंद कुत्र्याला कळतो, माणसं फसतात. ती आली, पण मोठा वळसा घेत, शेपूट खाली, आणि माझ्यापर्यंत पोचायच्या आधी थांबून तिने भलीमोठी जांभई दिली. तिला झोप आली नव्हती आणि गवतातही काही नव्हतं. पुढे जाववत नाही आणि पळूनही जाता येत नाही, अशा कोंडीत कुत्रा हेच करतो: काहीतरी बिनमहत्त्वाचं, अगदी मन लावून. बघणाऱ्याला तो आगाऊपणा वाटतो.

‘नाव घ्या! जोरात!’ असा बाहेरून सल्ला आला. तसा आवाज माझ्याकडे आहे. ठमी एकदा चालत्या गाडीच्या दिशेने धावली होती तेव्हा तो निघाला होता आणि ती जागच्या जागी थिजली होती. तो आवाज काढला असता तर तिने उडी मारली असती. उरलेला कोर्सही केला असता. रडतखडत, जास्त वेळ लागल्याचे दंडगुण घेत, पण केला असता. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मी नाही म्हणतच नाही.

मी जजला हात करून थांबत असल्याची खूण केली, पाठ फिरवली आणि बाहेरच्या दिशेने पळत सुटले. ठमी मागून आली. फाटकापाशी ती माझ्या पुढे होती. गर्दीपलीकडे जाऊन मी जमिनीवर बसले. दोरी बॅगेतच राहू दिली. थोड्या वेळाने तिने पंजाने माझा हात उकरला. मी तिला ढकललं, ती दुप्पट जोराने परत आली. मग आम्ही दोघी मातीत लोळलो. ज्यांनी ते पाहिलं त्यांनी काय म्हटलं तेही माझ्यापर्यंत आलंय.

आणि आता तुम्हाला न आवडणारा भाग. बाहेर पडताना मी तिच्या मनाचा विचार करत होते, असं नाही. मला लाज वाटत होती. हसणारा आवाज ओळखीचा होता. ‘तिच्यासाठी बाहेर पडले’ हे वाक्य परत येताना गाडीत जुळलं. ते खोटं नाही, पण मागाहून सुचलेलं आहे.

ज्यांच्याकडून मी वीव्ह पोल्स शिकवायला शिकले ते जाणते हँडलर, म्हणजे स्पर्धेत कुत्र्याला धावतं करणारे, त्या संध्याकाळी म्हणाले, ‘बाई, आज तिने धडा पक्का केला. हुंगलं की सुटका, वर खेळायलाही मिळतं.’ हे टाकून देण्यासारखं बोलणं नाही. ज्या कृतीने नकोशी गोष्ट टळते ती कृती वाढते, हे शिकण्याच्या शास्त्रातलं अगदी पायाचं विधान आहे. ते बोलले तेव्हा मी गप्प बसले.

आज अर्धं उत्तर आहे. याक पँक्सेप या मेंदूशास्त्रज्ञाचा उंदरांवरचा प्रयोग आहे. कधीही मांजर न पाहिलेले, एकमेकांशी मस्ती करणारे पिल्लू-उंदीर, आणि त्यांच्या खेळायच्या पेटीत मांजराच्या केसांचा छोटासा झुपका. खेळ बंद. झुपका काढला, तरी त्या पेटीत पुढचे काही दिवस खेळ पूर्वीसारखा होईना. भीती निघून जाते, जागा मात्र डागाळलेली राहते. ठमीला रिंगमध्ये आणखी ओढत नेलं असतं तर डाग वाढला असता, असं मी म्हणते. पण हाच प्रयोग माझ्यावर उलटतोही. डाग पहिल्या झुपक्यानेच पडला असेल तर मी लवकर बाहेर पडून काय वाचवलं?

त्यानंतर काय बदललं तेही विचारता. आता नव्या जागी गेलं की मी खेळ सुरू करत नाही. नुसती उभी राहते. तिला हवं ते बघू दे, हुंगू दे, हवा तेवढा वेळ. तिचं तिने पुरतं बघून झालं की ती माझ्याकडे वळते, आणि खेळ मागते ती. कधी मागतच नाही. मग आम्ही घरी येतो. आणि निम्म्याहून जास्त खेळ आता दोरीशिवाय: पळणं, पकडणं, ढकलणं, माझे रिकामे हात. हात लावायला आत बंदी असली तरी पळणारी मी आत जाऊ शकते.

काही ठिकाणी निकालात न धरल्या जाणाऱ्या सराव-रन असतात, तिथे खेळणं आत नेता येतं. सध्या आम्ही तेवढ्याच करतो. त्यावरही प्रश्न तयार असतो: ‘खऱ्या स्पर्धेत कधी?’ मागच्या सराव-रनमध्ये टनेलमधून ती सुटली तशी सुटली, आणि दोन उड्यांनंतर गवताकडे वळली. मी थांबले. तिने हुंगलं, मान वर केली आणि आपणहून माझ्याकडे आली. मी खूश होऊन ते त्या हँडलरांना सांगितलं. ते म्हणाले, तिथे तुमच्या खिशात दोरी होती.

होती. पुढच्या स्पर्धेचा अर्ज आणून ठेवलाय, अजून भरलेला नाही. भरला तर तुम्हाला कळेलच, विचारू नका.