वहीतलं 'गोलूप'

मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, नोंदवह्या आहेत. मी तिथे कागदाची डागडुजी करायचे: गव्हाची खळ, जपानी टिशू आणि रग्गड धीर. जुन्या शाईनं कागद असा खाल्लेला, की पान उलटताना श्वासही जपून घ्यायचा.

एका सकाळी एक आजोबा आले. हातातल्या चिठ्ठीवर नुसता आकडा. खापरपणजोबांचा नंबर. पोर्ट लुईला उतरलेल्या मजुराची पुढची सगळी कागदपत्रं या नंबरावर चालत. १८३४ पासून साडेचार लाखांवर माणसं अशी आली. १८४९ साली त्यांच्यासाठी बांधलेला डेपो, आजचा आप्रवासी घाट, थोडाच उरलाय. बाकीच्यावरून हमरस्ता गेला. वह्या तेवढ्या वाचल्या.

पान सापडलं. मुंबईहून आलेलं जहाज, वय २२, उंची, कपाळावर व्रण. फोटो नव्हता. फोटो काढायला लागले १८६० नंतर, हा गडी त्याआधीच आलेला. आजोबांचा चेहरा पडला. ते खरं तर फोटोसाठीच आले होते.

जिल्हा 'रुटनाघेरी', तो कुणीही ओळखला असता. गाव मात्र 'गोलूप'. बहुतेक लोक बिहारकडचे, त्यामुळे तिकडच्या गावांची मोडतोड माझे सहकारी झोपेतही जुळवतात. इथे तेही अडले. मी शब्द दोन-तीनदा मोठ्यानं म्हटला. कारकुनानं कानानं लिहिलेलं कानानंच वाचावं लागतं. आणि एकदम लागलं: गोळप! रत्नागिरीहून पावसला जाताना लागतं ते. माझी मावशी पावसची; त्या रस्त्यावर किती वेळा एसटीत उलट्या केल्यात मी!

बिचाऱ्या कारकुनाला ळ कुठून ऐकू येणार, आणि आला तरी रोमन लिपीत लिहिणार कसा?

आजोबांना मराठी अर्धीमुर्धी, बाकी क्रिओल. मी चिठ्ठीच्या मागे ठळक अक्षरांत 'गोळप' लिहून दिलं. ते म्हणाले, "गोलप."

"ल नाही आजोबा, ळ. गणपतीच्या आरतीत माळ म्हणता ना, त्यातला."

त्यांनी डोळे मिटले. आरती मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणत असावेत, कारण बराच वेळ गेला.

"माळ," ते म्हणाले. मग, "गोळप."