पुकारू नये असं नाव

बेंचवर दहा-बारा जण होते. दारात उभं राहून मी स्क्रीनवरचं नाव पुकारलं, नागपूरला ओपीडीत पुकारायचे तसं. नऊ वर्षांची मुलगी, पेनिसिलिनच्या इंजेक्शनला आलेली. कुणी उठेना, म्हणून पुन्हा पुकारलं, आणखी मोठ्यानं.

कोपऱ्यातल्या म्हातारीचा हात मांडीवरून जेमतेम वीतभर उचलला गेला. दोन बोटं हलली. तोंडातून शब्द नाही. सगळे उठले, पोरं काखोटीला मारली आणि बाहेर पडले. दोन मिनिटांत बेंच रिकामे.

ही ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला, तनामी वाळवंटाच्या अंगाची वार्लपिरी या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, लोकांची वस्ती. इथल्या दवाखान्यात नर्स म्हणून मला येऊन पाच आठवडे झाले होते. येण्याआधी सांस्कृतिक जाणिवेचं ऑनलाइन प्रशिक्षण पुरं केलं होतं, परीक्षेत वीसपैकी वीस. ‘मृत व्यक्तीचं नाव उच्चारू नये’ यावर बरोबर टिकही केली होती. पण ही मुलगी तर धडधडीत जिवंत!

आमची ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर नांगाला हिनं दार लोटून घेतलं. (नांगाला हे काही तिचं एकटीचं नाव नव्हे. वार्लपिरींचे आठ गट. त्यातल्या एका गटाच्या साऱ्या बायका नांगाला.)

“त्या नावाची एक बाई बारा दिवसांपूर्वी गेली,” ती म्हणाली. “ते नाव आता बंद. ज्यांचं ज्यांचं ते नाव आहे, त्या सगळ्यांना सध्या कुमांजयी म्हणायचं.”

“आणि ती आजी?”

“सुतकात आहे. बोलत नाही. हातांनी बोलते.”

सुतक हा शब्द माझा. आपलं दहा-बारा दिवसांत फिटतं. इथं बायकांचं मौन महिनोन्महिने चालतं, म्हणून खाणाखुणांची एक अख्खी भाषाच त्यांच्याकडे आहे. माझी आजी जन्मभर उखाण्याशिवाय आजोबांचं नाव न घेणारी, आणि तिच्या नातीनं हे नाव दोनदा पुकारावं!

लाज वाटलीच, पण भीती जास्त वाटत होती. लहानपणी घशाला, कातडीला जंतुसंसर्ग होतो, त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि पुढे हृदयाच्या झडपा निकामी होतात. ते टाळायचं तर दर 28 दिवसांनी इंजेक्शन, वर्षानुवर्षं. स्क्रीनवर 31 असा लाल आकडा दिसत होता. मी म्हटलं, गाडी काढू, घरी जाऊन देऊ.

“कार्डियांची गाडी दारात उभी राहिली की लोकांना काय आठवतं, माहितीये?”

कार्डिया म्हणजे गोरे, बाहेरचे. मी रंगानं नांगालाहून फार उजळ नाही, तरी कार्डियाच. आधी हे मनाला लागलं होतं, आता लागत नाही. 1970च्या आसपासपर्यंत सरकारी माणसं ॲबोरिजिनल मुलं उचलून न्यायची. त्याबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांनी 2008मध्ये संसदेत माफी मागितली. पण आदल्याच वर्षी, 2007मध्ये, सरकारनं ‘मुलांच्या संरक्षणासाठी’ म्हणून या वस्त्यांमध्ये लष्करही पाठवलं होतं. मूल कुठं झोपतं, आई कोण, असले प्रश्न विचारणाऱ्या बाईचा धसका कुठून येतो ते नांगालानं मला त्या एका वाक्यात सांगितलं.

आणि मी नेमकं तेच विचारलेलं. मागच्या खेपेला ‘आई कोण?’ म्हटल्यावर दोन बायका म्हणाल्या, “मी.” एक आई, एक मावशी. इथं आईची बहीण आईच. मी फाइलीत लिहिलं होतं, ‘माहिती विसंगत’. ‘माय मरो, मावशी जगो’ म्हणणाऱ्यांच्या घरची मी.

संध्याकाळी आम्ही पायीच गेलो. मृत्यू झालेलं घर सोडून ती मंडळी वस्तीच्या कडेला उघड्यावर राहत होती. नांगाला पंचवीस-तीस पावलांवर वाळूत बसली. हाक नाही, हात नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, “बस फक्त.”

फ्रिजमधून आणलेली सिरिंज मी मुठीत धरून कोमट करत राहिले. औषध दह्यासारखं दाट, गार टोचलं तर पोर कळवळते. कुत्री येऊन हुंगून गेली. अर्ध्या तासानं म्हातारीचा हात हलला. मावशी पोरीला घेऊन आली, मांडीवर पालथी घातली. मी अगदी हळूहळू दट्ट्या दाबला. पोर रडली नाही. मावशीचा फ्रॉक दातात धरून होती.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. आईसाठी रकाना एकच. ‘विसंगत’ खोडलं आणि दुसरीची नोंद शेऱ्यात केली, ‘हीसुद्धा आई’. नांगालानं खांद्यावरून वाचलं.

“मागच्या नर्सलाही हेच शिकवलं होतं. तिच्या आधीच्यालाही.” या शिकवणीचा तिला वेगळा पगार नाही, कामाच्या यादीतही ती कुठं नाही. “तुझं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय?”

“सात आठवड्यांनी.”

“हं,” म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला बोलवायला बाहेर गेली. नाव न पुकारता.