टीव्ही गेमचा जुना रिमोट लॅपटॉपला जोडताना

आमच्या कोल्हापुरातल्या घरी कॅसेट घालून खेळायचा टीव्ही गेम होता. निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल. सेट कधीच बंद पडला, रिमोट मात्र ठणठणीत. यूएसबी गेमपॅड विकत मिळतात, पण हात या बटणांवरच बसलेला, म्हणून ॲडॉप्टर घरीच करायचं ठरवलं.

रिमोट उघडला. रबरी बटणांखाली कार्बनचे काळे ठिपके आणि चिपच्या जागी इपॉक्सीचा काळा थेंब. निन्टेन्डोच्या रिमोटमध्ये इथं ४०२१ हा शिफ्ट रजिस्टर असतो, तेच काम हा थेंब करतो. बटणं आठ, वायरी पाचच: पाच व्होल्ट, ग्राउंड, लॅच, क्लॉक, डेटा. लॅचला पल्स दिली की आठही बटणांची त्या क्षणाची स्थिती चिप धरून ठेवते आणि क्लॉकच्या ठोक्याबरोबर एकेक सांगत जाते: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. इतक्या कमी सामानात इतकं नेटकं काम! मी तर या चिपच्या प्रेमातच पडलो.

वायरींच्या रंगावर अजिबात विसंबू नका, नकली सेटमध्ये ते कसेही असतात. मल्टिमीटर बीपवर ठेवून पट्टीवरच्या प्रत्येक टाक्यापासून प्लगची पिन शोधली. सगळ्या बटणांची एक बाजू जिथं एकत्र येते, ते ग्राउंड.

केबल मला कापायची नव्हती. लक्ष्मीपुरीत नऊ पिनांचा मेल कनेक्टर मागितला. "सिरियल पोर्टचा होय? हल्ली कोण विचारत नाही हो," म्हणत दुकानदारानं खालच्या खणातून काढून दिला.

प्रोग्राम चालवायला प्रो मायक्रो हा अर्डुइनो जातीचा छोटा बोर्ड घेतला, पाच व्होल्टचा. त्यातली एटीमेगा३२यू४ ही चिप स्वतःच यूएसबी बोलते, त्यामुळे लॅपटॉपला बोर्ड सरळ कीबोर्ड वाटतो. अर्डुइनोच्या जुन्या उनो बोर्डच्या मुख्य चिपला ही सोय नाही. प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट नाजूक असतं, म्हणून आधीच ग्लूगननं पक्कं केलं.

प्रोग्राम छोटाच आहे, पण दोन गोष्टी सांभाळायच्या. लॅच खाली आल्याबरोबर 'ए' डेटावर हजर असतो, म्हणून आधी वाचायचं आणि मग क्लॉक द्यायचा. नाहीतर सगळी बटणं एक घर सरकतात. आणि दाबलेलं बटण शून्य येतं, म्हणून डेटा पिनला पुलअप (काही जोडलेलं नसताना पिन 'एक'वर धरून ठेवणारा रेझिस्टर) हवाच. मग खेळता खेळता रिमोट निघाला तरी भलत्याच कळा दाबल्या जात नाहीत. टर्बोसाठी (बटण नुसतं धरून ठेवलं तरी भराभर दाबल्यासारखं चालतं ते) काहीच लिहावं लागलं नाही, कारण रिमोट स्वतःच 'ए'ची भराभर उघडझाप करून पाठवतो.

दुसऱ्या रिमोटला लॅच आणि क्लॉक तेच चालतात, फक्त डेटाला वेगळी पिन. तो जोडेपर्यंत धाकट्या भावाला दम निघेना. "दादा, एक नंबरचा रिमोट माझा हं!"